धुळीची लाट आणि तात्पुरतं कडं

संस्थेत त्याला सगळे धुळोबा म्हणत, आणि त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. ज्या माणसाने उभी हयात धूळ अधांतरी तरंगत ठेवण्यात घालवली त्याला दुसरं काय म्हणणार? बायकोला मात्र हे नाव अजिबात पटत नसे. तिचं म्हणणं असं, की घरातल्या कपाटावरची धूळ ज्याला लग्नापासून आजवर दिसली नाही, त्याला धुळीचा तज्ज्ञ म्हणून पगार मिळतो ही कुठल्यातरी कारकुनाची चूक असणार आणि कधीतरी ती उघडकीला येणार. धुळोबाला स्वतःलाही अधूनमधून तीच भीती वाटे.

त्याचा विषय होता अस्थैर्य. एखादी छोटीशी थरथर विरून जाण्याऐवजी वाढत वाढत सगळं कधी उधळून लावते, हे शोधायचं त्याचं काम. आणि माणूस म्हणाल तर इतका स्थिर, की शेजारी त्याच्या स्कूटरच्या आवाजावर कुकर लावत. तीच स्कूटर, तोच स्वेटर, जेवणाच्या टेबलाशी तीच डगडगणारी खुर्ची. लग्नानंतर त्याने घेतलेला एकमेव धाडसी निर्णय म्हणजे चहातली साखर सोडणं, आणि तोही डॉक्टरांनी घेतला होता.

काम करायला सोपं नव्हतं, पण सांगायला त्याहून अवघड होतं. संस्थेच्या तळघरातल्या खोलीत पोलादाची एक टाकी. पंप लावून तिच्यातली हवा काढायची, चिमूटभर गॅस सोडायचा आणि वीज द्यायची. मग आतला गॅस ट्यूबलाइटसारखा उजळतो, फक्त जांभळा. त्याला म्हणायचं प्लाझ्मा. या उजेडात वरून पिठीहून बारीक धूळ भुरभुरवायची. ती खाली पडत नाही. एकेक कण वीज अंगावर घेतो आणि मधेच तरंगत राहतो, आणि सगळ्या कणांचा मिळून एक चपटा ढग होतो. लेझरचा हिरवा उजेड आडवा टाकला की तो दिसतो, दुधावरच्या सायीसारखा. जिथे हा ढग संपतो आणि स्वच्छ प्लाझ्मा सुरू होतो तिथे त्याचा काठ. त्या काठावर लाटा उठतात आणि एरवी विरूनही जातात. पण टाकीभोवतीच्या मोठ्या विद्युतचुंबकात वीज सोडली, की धुळोबाच्या टाकीतली लाट विरत नसे. ती काठाकाठाने पळायची, मोठी व्हायची, तिला शेंडा फुटायचा आणि शेवटी अख्खा ढग ढवळून निघायचा.

हे त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. त्या दिवशी चुंबक लावून तो कोपऱ्यात चहा प्यायला बसला आणि कप खाली ठेवता ठेवता त्याला खिडकीत ती लाट दिसली. त्याला इतका आनंद झाला, की तो थेट घरी गेला आणि बायकोला हाताने लाट करून दाखवू लागला. ती म्हणाली, "दूध घेऊन यायला सांगितलं होतं." पण आनंद काही कमी झाला नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे वीस-बावीस वर्षं तो कधीच ओसरला नाही. त्या छोट्या खिडकीला नाक लावून लाट बघत बसणं, यापलीकडे जगाकडे त्याचं फारसं मागणं नव्हतं.

लाटेला सिद्धान्त मिळवून दिला मेव्हण्याने. मेव्हणेबुवा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दुसऱ्या गावच्या विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कागदापलीकडच्या जगावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. धुळोबाने आकडे पाठवायचे, मेव्हण्याने समीकरणं. चुंबकामुळे ढग गोल फिरू लागतो, काठाशी कणांचा आणि प्लाझ्माचा वेग जुळत नाही, आणि त्या ओढाताणीत लाट वाढते, असा तो सिद्धान्त. चुंबक लावल्यावर लाट यायला जरा वेळ लागे, त्यालाही मेव्हण्याने नाव दिलं होतं, वाढीचा काळ. लाट नेहमी खिडकीच्या बाजूनेच का सुरू होते, याला वेगळं परिशिष्ट होतं. सगळं इतकं चपखल बसे की फट म्हणून नाही. त्यासाठी समीकरणातला एक आकडा दर वर्षी थोडा सरकवावा लागे, पण नात्यातल्या नात्यात असल्या गोष्टींची वाच्यता कोण करतो?

एवढंच खटकायचं, की ही लाट जगात दुसऱ्या कुणालाही दिसत नसे. दोन-तीन मोठ्या प्रयोगशाळांनी याहून मोठी चुंबकं लावून पाहिली. ढग आपला स्वस्थ. त्यांची पत्रं आली की धुळोबाला मनापासून दया यायची. तो बायकोला सांगे, "हातगुण लागतो गं. नुसती यंत्रं असून भागत नाही." न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ तिला याच हातगुणाची रोज आठवण करून देत होता.

तो नळ ठिबकायचा. बरीच वर्षं ठिबकत होता. दुरुस्तीचा विषय निघाला की धुळोबाचं एक ठरलेलं उत्तर असे: "तो गरम झाला तरच ठिबकतो. गार असला की थेंब नाही. गार पाण्याने अंघोळ करा, प्रश्नच मिटला." हे उत्तर त्याला शास्त्रीय वाटायचं.

मग समिती येणार असल्याचं कळलं. दुसऱ्या एका विभागाला चुंबक हवं होतं. समितीने धुळोबाचा प्रयोग पाहायचा आणि ठरवायचं. लाट चांगली दिसली तर चुंबक आणि खोली त्याच्या निवृत्तीपर्यंत त्याच्याकडे. नाहीतर चुंबक दुसऱ्या विभागाला आणि टाकी बहुधा भंगारात. त्या रात्री जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "एवढं काय त्यात? पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतो, तसं ते तुमचं यंत्र आवरा."

प्रयोगशाळांचा एक जुना नियम असतो, की चालत्या यंत्राला हात लावू नये. धुळोबाने तो जन्मभर पाळला होता, निदान घरी तरी. पण बायकोचा सल्ला ऐकायची बुद्धी त्याला नेमकी याच वेळी झाली. त्याने टाकी उघडली, आतून पुसली, काच लखलखीत केली. खिडकीभोवती हवा रोखणारं रबरी कडं होतं, ते पाहून त्याला हसू आलं. टाकी नवी असताना मागवलेलं कडं वेळेवर आलं नव्हतं, म्हणून त्याने रबराची दोरी कापून, टोकं चिकटवून हे तात्पुरतं केलं होतं. तात्पुरतं होतं म्हणूनच ते एवढं टिकलं. मागवलेलं कडं पुढे आलं आणि कपाटातच राहिलं. आता त्याने ते बसवलं. टाकी इतकी घट्ट कधीच नव्हती. तो शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी लाट आली नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. चुंबक पूर्ण ताकदीने लावलं, चहाचे दोन कप झाले, ढग आपला सायीसारखा निवांत. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने धुळोबाने आधी धुळीला दोष दिला, मग विजेच्या दाबाला, मग लेझरला, मग हवेतल्या दमटपणाला. लाटेशिवाय सगळ्यांवर आळ घेऊन झाल्यावर त्याने मेव्हण्याला फोन लावला.

"समीकरणं तर तीच आहेत, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "त्यात काही बिघडत नसतं. तुमची टाकी बिघडलीय."

"टाकी आजवर कधी एवढी चांगली नव्हती."

"मग तिला जरा वाईट करा."

हे त्याने चेष्टेत म्हटलं असणार, कारण मेव्हण्याला चेष्टा करता येते यावर तोवर कुणाचा विश्वास नव्हता. धुळोबाच्या डोक्यात मात्र ते वाक्य घोळत राहिलं. घरी आला तेव्हा बायको न्हाणीघराच्या दारात उभी होती. समिती येणार म्हणजे नवऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही, हे माहीत असूनही तिने नळाचा विषय काढला. धुळोबाने सवयीने तोंड उघडलं. "तो गरम झाला तरच ठिबकतो. गार असला की..."

आणि तो तिथेच थांबला. बायकोला वाटलं, छातीत कळ आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. विद्युतचुंबकाचं वेटोळं खिडकीच्या अगदी वर होतं. वीज सोडली की ते तापे. ते तापलं की खालचं रबरी कडं तापे. आणि कडं तापलं की त्याचा तो चिकटवलेला सांधा...

"तुझा ड्रायर कुठंय?" त्याने विचारलं.

"केसांचा?" तिने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. "तुम्हाला कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायर स्वेटरखाली लपवून तो तळघरात गेला. जुनं कडं त्याच्या खणातच होतं, कारण फेकणं हा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने ते परत बसवलं, ढग तयार केला, आणि चुंबकाला हातही न लावता ड्रायर खिडकीच्या कडेवर धरला. थोडा वेळ काही झालं नाही. मग काठ थरथरला, लाट उठली आणि पळू लागली. तीच लाट, त्याच बाजूने, त्याच डौलाने.

म्हणजे सांधा गरम झाला की उघडत होता, बाहेरच्या हवेची बारीक फुंकर आत शिरत होती, आणि ती काठावरून वाहताना लाट वाढवत होती. पाण्यावरून वारा वाहिला की लाट वाढते, तसंच. आतला दाब स्थिर ठेवायला एक आपोआप चालणारी झडप होती. हवा शिरली की ती गॅस तेवढा कमी करी, त्यामुळे दाबाचा काटा जागचा हलत नसे. वाढीचा काळ म्हणजे रबर तापायला लागणारा वेळ. परिशिष्ट म्हणजे खिडकीची जागा. दर वर्षी थोडा सरकणारा आकडा म्हणजे झिजत चाललेला गोंद. चुंबकत्वाचा आणि लाटेचा संबंध कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, इतकाच होता. फरक एवढाच, की कावळ्याने त्यावर निबंध लिहिले नव्हते.

धुळोबा स्टुलावर बसला आणि हसला. मग हसू थांबलं आणि त्याला रडू आलं. रडता रडताही ड्रायरचा हात त्याने हलू दिला नाही, कारण लाट फार सुरेख आली होती.

त्याने मेव्हण्याला फोन करून सगळं सांगितलं.

"समितीला हे सांगायची गरज नाही," मेव्हणा म्हणाला. "जुनं कडं बसवलंयत ना? नेहमीसारखं चुंबक लावा, नेहमीसारखी लाट दाखवा. खोटं काहीच नाही त्यात. चुंबक राहू दे, मग आपण सावकाश बघू."

"मग आपल्या सिद्धान्ताचं काय?"

"सिद्धान्तात चूक नाही. तो तुमच्या टाकीला लागू होत नाही, एवढंच."

रात्री बायकोने विचारलं तेव्हा त्याने तिलाही सांगितलं. एकीकडे नवऱ्याची टाकी, दुसरीकडे भावाचा सिद्धान्त. तिने कुणाची बाजू घ्यायची? ती म्हणाली, "तुम्ही दोघं काय ते ठरवा. माझा ड्रायर तेवढा परत आणा." पण झोपण्याआधी तिने त्याचा चांगला शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला, जो ती एरवी फक्त लग्नकार्याला काढायची.

समितीत चार जण होते आणि अध्यक्षबाई. बाई लेझरवर काम केलेल्या, कमी बोलणाऱ्या. सगळीकडे बारीक नजर. धुळोबाने ठरल्याप्रमाणे चुंबक लावलं आणि ठरल्याप्रमाणे सिद्धान्त सांगितला. पाठ होता, त्यामुळे तोंड आपोआप चालत होतं. सांगून होईतो कडं तापलं असावं, कारण लाट आली. इतकी छान आली, की एक सदस्य खिडकीपासून हटेचनात आणि बाकीच्यांना त्यांना कोपराने बाजूला सारावं लागलं. बाईंनी शेवटी पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "हे चुंबक इथून हलवणं चूक ठरेल, असं मला वाटतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

झालं, काम फत्ते. आता फक्त प्रयोग बंद करायचा होता. त्याचा नियम धुळोबाने स्वतःच घालून दिला होता: आधी प्लाझ्मा बंद, मग चुंबक. उलट केलं तर ढग विस्कटून धूळ काचेवर बसते, अशी त्याची समजूत होती, आणि ती त्याने कधी तपासली नव्हती. त्यामुळे कडं तापलेलं आणि चुंबक बंद, अशा वेळी ढग कसा दिसतो हे इतक्या वर्षांत कुणीच पाहिलेलं नव्हतं. धुळोबाचा हात प्लाझ्माच्या बटणाकडे गेला, तिथे घुटमळला आणि शेजारी सरकला. त्याने चुंबक बंद केलं.

चुंबकाचा घुमणारा आवाज थांबला. लाट मात्र पळतच होती.

"चुंबक बंद केलंत ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग लाट?"

"लाटेला ते अजून कळलेलं नाही," धुळोबा म्हणाला. "तिला चुंबक आहे हेच कधी कळलेलं नव्हतं."

मग त्याने टेबलामागून ड्रायर काढला आणि सगळं सांगितलं, कड्याचं, नळाचं, सांध्याचं. सदस्यांना आधी गंमत वाटली, मग संकोच वाटला. माणूस आपल्या हाताने आपलं घर मोडताना दिसला की वाटतो तसा. बाई तेवढ्या पुढे होऊन ड्रायर धरून बघत होत्या.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..." एकाने सुरुवात केली.

"एका सुटलेल्या सांध्याचा अभ्यास केला," धुळोबा म्हणाला. "सखोल."

पुढे संस्थेत या प्रामाणिकपणाची वाखाणणी झाली तेव्हा तो फार अवघडला. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता, तो बायकोला म्हणाला. वीस-बावीस वर्षं सगळ्यांना ऐकवलेली गोष्ट त्या दिवशी खोटी ठरली होती आणि खरी गोष्ट त्याला एकट्यालाच माहीत होती. ती सांगितल्याशिवाय त्याला राहवलंच नाही. "हावरटपणा म्हण हवं तर." बायको म्हणाली, "ते मी लग्नापासून म्हणतेय," आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

चुंबक गेलं. क्रेन आणून, वेटोळी सुटी करून ते नेलं, आणि धुळोबा दारात उभा राहून बघत होता. क्रेनवाला सारखा "बाजूला व्हा काका" म्हणत होता. टाकी मात्र राहिली. ती कुणालाच नको होती, भंगारवाल्यालाही जड वाटली. नळाचा वॉशर प्लंबरने बदलला. धुळोबाला न्हाणीघराकडे फिरकू दिलं नाही.

मेव्हण्याने बोलणं टाकलं. बहिणीला फोन यायचे, पण ते नळाएवढेच थेंब थेंब. धुळोबाची चूक निघाली तर ती टाकीची चूक. मेव्हण्याची निघाली ती साऱ्या कारकिर्दीची. धुळोबाला हे कळत होतं. काय बोलावं हे कळत नव्हतं, म्हणून त्याने फोनही केला नाही.

एक दिवस दुपारी तळघराच्या दारावर टकटक झाली. मेव्हणा उभा होता, बगलेत कागदांची जाडजूड गुंडाळी, चेहऱ्यावर वकिलासारखा भाव. "मला एवढंच सिद्ध करायचंय," त्याने बसण्याआधीच सुरुवात केली, "की हवेच्या झोताने लाट उठली तरी वाढीचा दर मी काढला त्याच..."

"आधी बघ तरी," धुळोबा म्हणाला.

तेव्हा दोघांनाही एकदम आठवलं, की मेव्हण्याने ही लाट कधी पाहिलेलीच नाही. आकडे नेहमी पत्राने जायचे.

चुंबक गेल्यावर टाकीभोवतीची जागा मोकळी झाली होती. आजवर वेटोळ्यांच्या आड असलेल्या आणखी तीन काचा उघड्या पडल्या होत्या, आणि धुळोबाने लेझर असा लावला होता की ढगाचा काठ सगळीकडून दिसे. त्याने प्लाझ्मा लावला, धूळ सोडली. जांभळ्या उजेडात हिरवा ढग स्थिरावला. त्याने ड्रायर कड्यावर धरला.

काठ थरथरला. लाट उठली, खिडकीपासून निघाली, टाकीला पूर्ण वळसा घालून परत आली आणि तिला शेंडा फुटला.

मेव्हणा काचेला नाक लावून उभा होता. गुंडाळी बगलेतून घसरून कागद जमिनीवर पसरले, तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या चष्म्याच्या काचांवर हिरवा उजेड पळत होता. धुळोबाला त्याच्या चेहऱ्यावर स्वतःचा तो पहिला दिवस दिसला, चहाचा कप खाली ठेवतानाचा, आणि त्याचा हात जरा हलला. लाट मंदावली.

"भाऊजी," मेव्हणा मागे न बघता म्हणाला, "ड्रायर जरा जवळ धरा."